आईचं वाक्य

काकांच्या सिनेमात घर नेहमी वाईट असायचं आणि मुलगी नेहमी खरी ठरायची. मुलगी चौदा-पंधरा वर्षांची. आईने दुसरं लग्न केलेलं, म्हणून नव्या घरात राहायला आलेली. ती पहिल्या दिवसापासून सांगत असते की या घरात काहीतरी आहे, आणि पहिल्या दिवसापासून तिचं कुणी ऐकत नाही. मग दारं आपोआप उघडतात, भिंतीवर डाग चढतो, सावत्र बापाचा निकाल लागतो आणि अगदी शेवटी आई म्हणते, "तू सांगत होतीस ते खरं होतं गं." काकांनी हा सिनेमा पाच वेळा काढला होता. नावं वेगवेगळी, भुताचा झगा एकाच छापाचा.

ठकीला त्या सिनेमातल्या मुलीचा फार हेवा वाटायचा.

ठकी म्हणजे काकांना लग्नात आईसोबत मिळालेली मुलगी. वडील गेल्यापासून ती आणि आई शिलाईच्या दुकानामागच्या एका खोलीत राहत होत्या, झोपायच्या एकाच कॉटवर. काका त्या दुकानात भुताचा झगा शिवून घ्यायला आले होते. आईने माप विचारलं, तर म्हणाले, "भूत अजून ठरायचंय." आईने गंभीर चेहऱ्याने विचारलं, "मग खिसे ठेवू का?" काका इतके हसले की टाचण्यांची डबी सांडली. टाचण्या वेचता वेचता जुळायचं ते जुळलं आणि वर्षाच्या आत लग्न झालं.

काका वाईट होते असं म्हणणं म्हणजे शुद्ध अन्याय. माणूस हसरा, बोलका, घरी आल्यावर आधी "ठकी जेवली का?" विचारणारा. या घरात तिच्यावर कुणी आवाज चढवला नाही, कुणी टोचून बोललं नाही. पंचाईत नेमकी हीच होती. सिनेमातल्या मुलीला बोट दाखवायला निदान भूत तरी होतं. हिने बोट दाखवायचं कुणाकडे?

घर मात्र भयंकर होतं, कारण ते तसं राखलेलं होतं. सगळी सोंगं आणता येतात, पैशाचं सोंग आणता येत नाही. त्यामुळे काका दुसऱ्याचा बंगला भाड्याने घेण्याऐवजी स्वतःच्या राहत्या घरातच शूटिंग करायचे. खऱ्या रात्री काम केलं तर माणसांना घरी सोडायला गाड्या लागतात, म्हणून खिडक्यांना आतून काळा कागद चिकटवून काका सकाळी न्याहारीनंतर रात्र सुरू करायचे. जिन्यावरची कोळिष्टकं डिंकाची होती, ती झाडायला मनाई. आणि पछाडलेली खोली म्हणजे ठकीची खोली. तिच्या उशाशी रंगाऱ्याने ओलीचा डाग काढला होता, मधूनमधून येऊन तो डाग वीतभर वाढवून जायचा, आणि जाताना "झोप छान लागते ना गं?" असंही विचारायचा. दाराची कडी काढलेली, कारण दार आपोआप उघडायला हवं. शूटिंग असलं की गादी गुंडाळून स्वयंपाकघरात न्यायची. "एवढा सिनेमा होऊ दे, मग खोली तुझी," काका म्हणायचे, आणि अगदी मनापासून म्हणायचे. पण एक सिनेमा संपायच्या आत त्यांच्या डोक्यात दुसरा शिजायला लागलेला असायचा.

सहाव्या सिनेमात काकांनी ठकीलाच मुलगी केलं. घरचं घर, घरची मुलगी. आईचं काम करणारी बाई ऐनवेळी दुसरीकडे गेली, तेव्हा ठकीच्या आईलाही उभं केलं.

"अगं, तुला करायचंय काय? आईच तर व्हायचंय!" काका म्हणाले.

आई जन्मात कधी कॅमेऱ्यासमोर उभी राहिली नव्हती. आपल्यामुळे नवऱ्याचं नुकसान होईल या धास्तीने तिचा जीव टांगणीला लागला. भाजी चिरताना, केस विंचरताना, कपडे वाळत घालताना ती वाक्यं घोकायची. त्यांतलं मोठं असं एकच होतं: "सवय होईल गं. घर नवीन असलं की सगळंच परकं वाटतं." ते दूधवाल्यालाही ऐकवून झालं होतं. त्याने मान हलवून उरलेले सुटे पैसे परत दिले.

काकांच्या घरात एक रीत होती. तालीम करणाऱ्याला कुणी टोकायचं नाही. न्हाणीघरातून किंकाळी आली तरी बाहेरचा माणूस टॉवेल खांद्यावर टाकून निवांत थांबायचा. जेवता जेवता कुणी हमसून रडायला लागलं, तर बाकीचे पाण्याचा तांब्या त्याच्याकडे सरकवायचे आणि आपलं बोलणं पुढे चालू ठेवायचे. नव्या माणसाला आधी हसू यायचं, मग अंगवळणी पडायचं. ठकीच्या आईच्या तर फारच लवकर पडलं.

एका दुपारी शूटिंग नव्हतं. ठकी शाळेतून घरी आली. नव्या शाळेत त्या दिवशी जोड्या करायला सांगितल्या होत्या आणि सगळ्यांच्या जोड्या होऊन ती एकटी उरली होती. बाईंनी तिला आपल्या टेबलाशी बसवून घेतलं, ते तर आणखीच वाईट. खोलीत भर दुपारी काळोख होता. तिने दिवा लावला तर भिंतीवरचा डाग उशीपर्यंत आलेला. रंग आहे हे तिला ठाऊक होतं, रंगाऱ्याचा डबाही कोपऱ्यात तसाच होता. तरी तिला रडू फुटलं. गादीवर बसून ती पोटातून, मोठ्याने रडली. आईने ऐकावं म्हणूनच रडली म्हणा ना.

आई आली. दार ढकलून उंबऱ्यात उभी राहिली आणि डोकं एका बाजूला कलवून तिने सगळं लक्ष देऊन ऐकलं.

"छान," ती हळूच म्हणाली. "फक्त शेवटी आवाज चिरकतोय, तेवढा सांभाळ."

आणि तिने तालमीत खंड पडू नये म्हणून दार अलगद ओढून घेतलं. थोड्या वेळाने खालून तिचं बोलणं ऐकू आलं. "पोरगी जीव तोडून मेहनत घेतेय हो." त्यावर काका म्हणाले, "ते रक्तातच असावं लागतं!" कुणाच्या रक्तात, ते त्यांनाच माहीत.

दुसऱ्या दिवशी ठकीने सरळच सांगायचं ठरवलं. आई भांडी घासत होती. ठकी तिच्या मागे जाऊन उभी राहिली.

"आई, मला इथे नाही राहवत."

"सवय होईल गं," आई फेसात हात ठेवूनच म्हणाली. "घर नवीन असलं की सगळंच परकं... वाटतं." मग वळून म्हणाली, "आत्ता जमलं ना? 'परकं'वर थोडं थांबायला सांगितलंय काकांनी."

"जमलं," ठकी म्हणाली.

आता तुम्ही म्हणाल, पोरीने तिथल्या तिथे सांगायचं की, बाई गं, मी तालीम करत नाहीये. सांगता आलं असतं. पण तिच्या मनात एक भीती बसली होती, आणि ती भिंतीवरच्या डागापेक्षा कितीतरी खरी होती. समजा, आईला कळलं की हे खरं आहे, आणि तरीही आई तेच वाक्य म्हणाली तर? मग तिला दुसऱ्या कुणाकडे जाता येणार होतं? जगात तिला आईशिवाय कुणी नव्हतं. म्हणून तिने भांडी पुसायला घेतली.

त्या प्रसंगाचं शूटिंग दोन-चार दिवसांनी झालं. खोलीत दिव्यांचा उकाडा, दाराबाहेर माणसांची दाटी. लिहिलेलं वाक्य होतं, "आई, या घरात कुणीतरी आहे. मला आवाज येतात." काकांनी "चला" म्हटलं. ठकीने आईकडे पाहिलं आणि तिच्या तोंडून दुसरंच निघालं.

"आई, या घरात माझं कुणी नाही. मला आपली खोली हवी. तू मशीन चालवायचीस आणि मला झोप लागायची. इथे मला झोप येत नाही. तू दिवसभर घरात असतेस, पण माझ्याजवळ नसतेस."

आईचं अर्धं लक्ष जमिनीवरच्या खडूच्या खुणेकडे होतं, अर्धं ठकीच्या ओठांकडे. ओठ थांबले की आपली पाळी, एवढंच तिने पक्कं केलं होतं. ओठ थांबले. आईने सांगितल्याप्रमाणे तिच्या खांद्यावर हात ठेवला आणि म्हणाली, "सवय होईल गं. घर नवीन असलं की सगळंच परकं... वाटतं." मग ती वळून दारातून निघून गेली.

"कट! ओके!" काका ओरडले. लोकांनी टाळ्या वाजवल्या. दिवेवाल्याने डोळे पुसले. आई धावतच परत आली.

"माझं कुठे चुकलं नाही ना?"

"नाही आई," ठकी म्हणाली. तिला एवढं एकटं वडील गेले तेव्हाही वाटलं नव्हतं, कारण तेव्हा आई शेजारी रडत होती.

शूटिंगच्या वेळचा आवाज सिनेमात चालत नाही. फ्रिजच्या घरघरीपासून रस्त्यावरच्या हॉर्नपर्यंत सगळं त्यात येतं. म्हणून शेवटी प्रत्येकाने स्टुडिओत जाऊन पडद्यावरच्या आपल्याच ओठांवर आपला आवाज पुन्हा बसवायचा. काकांचा स्टुडिओ म्हणजे एका दुकानाचं तळघर, भिंतींना अंड्यांचे ट्रे ठोकलेले. आवाजाचं काम बघणाऱ्याला सगळे कानसेन म्हणत. तो, काका आणि ठकी काचेच्या अलीकडे बसले. आई पलीकडे, कानांवर हेडफोन लावून, एकटी.

प्रसंग लागला. आईने वाक्य म्हटलं, पण ते ओठांच्या मागे पडलं.

"अहो, ही मशीनचं काय बोलतेय?" तिने पलीकडून विचारलं. "हिला तर आवाज येत होते ना?"

काकांनी बटण दाबलं. "मनाचं घातलंय पोरीने! पण काय घातलंय! मी ठेवलं तसंच. तू तुझं म्हण."

पुन्हा प्रसंग लागला. पडद्यावरच्या आईचे ओठ हलले. माइकसमोरची आई गप्प.

"घसा बसला का?"

"परत लावा," आई म्हणाली.

कानसेनने परत लावलं. आईने हेडफोन कानांवर दाबून धरले. ती स्वतःच्या ओठांकडे बघतच नव्हती. तिथे दिवे नव्हते, खडूची खूण नव्हती, चुकायची धास्ती नव्हती. दोन्ही कानांत फक्त लेकीचा आवाज होता.

"परत."

किती वेळा लावलं कोण जाणे. मग आई पडद्याकडे पाठ करून काचेकडे वळली. माइक चालूच होता, त्यामुळे तिचा आवाज तळघरभर घुमला.

"ठके, हे खरं आहे?"

ठकीचा आवाज काचेपलीकडे जाणार नव्हता. तिने मान हलवली. काकांचा हात बटणावर होता. त्यांनी तो काढून घेतला. "मी चहा सांगून येतो," असं पुटपुटून ते बाहेर गेले. चहा तर आधीच टेबलावर निवत होता.

आई बाहेर येऊन ठकीजवळ बसली.

"मी काय म्हणाले तुला तेव्हा?"

"लिहिलं होतं ते."

आईने काही बोलायला ओठ उघडले.

"नको," ठकी म्हणाली. "आधी ऐक."

आणि ती बोलली. जोड्यांचं, बाईंच्या टेबलाचं, डागाचं, दुपारच्या काळोखाचं. आईने ऐकलं. मध्ये दोनदा तिच्या तोंडाशी काहीतरी आलं, ते तिने गिळलं.

ते वाक्य आईने शेवटपर्यंत दिलं नाही. काकांनी एकदा विचारलं, पुन्हा विचारलं नाही. दुसरी बाई आणणं परवडणारं नव्हतं. ठकीचा आवाज फ्रिजच्या घरघरीसकट तसाच ठेवला, पण आईने आपलं शूटिंगच्या वेळचं वाक्यही वापरू दिलं नाही, ते कोरं राहिलं.

थिएटर निम्मं रिकामं होतं. भुताचा झगा दिसला तेव्हा पोरांनी शिट्ट्या मारल्या, दार आपोआप उघडलं तेव्हा कुणीतरी "दोरा, दोरा!" म्हणून ओरडलं. मग तो प्रसंग आला. मुलगी जीव ओतून बोलली. आईने तिच्या खांद्यावर हात ठेवला, मायेने वाकली आणि तिचे ओठ हलले. आवाज नाही. ओठ हलत राहिले, मग ती वळून निघून गेली. थिएटर चिडीचूप झालं. मागून कुणीतरी हळूच "बाप रे" म्हणालं. काका खुर्चीच्या टोकावर सरकले. सहा सिनेमांत पहिल्यांदा लोक घाबरले होते.

आईने अंधारात ठकीचा हात घट्ट धरला. 

"मी तुला अशी दिसत होते?" तिने विचारलं.

ठकीला नाही म्हणता आलं असतं.

"हो," ती म्हणाली.

"रोज?"

"रोज."