कॅल्शियमच्या बाटलीतली गोळी

डॉक्टरीणबाईंनी दोनदा समजावलं होतं, "या गोळीचा अंश दुधात अगदी थोडा उतरतो. गोळी घ्या आणि बाळाला पाजाही. ते फार झोपाळू वाटलं तर मला सांगा." तरी वेन-चुननं एकही गोळी गिळली नव्हती. पाकिटावरचं नाव वाचून सासूबाई काही विचारतील म्हणून तिनं सगळ्या गोळ्या कॅल्शियमच्या रिकाम्या बाटलीत भरल्या आणि बाटली ओट्यावर सगळ्यांसमोर ठेवली. चोराच्या मनात चांदणं, दुसरं काय!

घरात सगळं कौतुक दुधाचं. सासूबाई रोज डुकराच्या पायांचं, शेंगदाणे घातलेलं सूप रटरटवत आणि तैवानातल्या ताइनानच्या आपल्या गल्लीभर सांगत, "आमच्या सुनेला पान्हा असा, की जुळ्यांना पुरेल!" सुनेला मात्र बाळ रडलं की कान झाकून पळून जावंसं वाटे. स्वतःचं मूल जिला नकोसं होतं, ती कसली आई? आणि वर त्याला औषधाचं दूध पाजायचं? लाजेनं तिला आरशात बघवेना.

बाळाला महिना झाला. सासूबाई रिवाजाप्रमाणे गल्लीत वाटायला लाल रंगवलेली अंडी आणि तेलातला भात डब्यांत भरत होत्या, तोच शेजारच्या थान काकू आल्या आणि एक अंडं घेऊन सोलू लागल्या.

"गुडघे काय म्हणतात गं?"

"म्हणतात, बस आता म्हातारे!" सासूबाई हसल्या. "थांब, सुनेचं कॅल्शियम आहे. एक घेऊन बघते."

डोळ्यांवर चष्मा नव्हता. गोळी तळहातावर आली, तोंडाकडे निघाली.

"आई, नको!" वेन-चुन किंचाळली. "ते कॅल्शियम नाही. ते मनाच्या आजाराचं आहे!"

बोलून गेली आणि तिला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

"कुणाच्या मनाच्या?" थान काकूंच्या हातातलं अंडं तसंच राहिलं.

सासूबाईंनी गोळीकडे पाहिलं, मग सुनेकडे. "माझ्या," त्या म्हणाल्या. "हल्ली झोप येत नाही मला. तू अंडं खा."

खोटं इतकं तोकडं होतं, की झाकायला गेलं तर उघडंच पडावं. म्हातारी आपल्यासाठी गल्लीत वेडी ठरायला निघाली होती. वेन-चुनला धरणी पोटात घेईल तर बरं असं झालं. तिनं सासूबाईंच्या हातावरची गोळी उचलली.

"माझी आहे, काकू," ती म्हणाली आणि सुपाच्या घोटाबरोबर गिळून टाकली.

आत बाळ रडू लागलं.

"पाजलं तर चालतं ना गं?" सासूबाईंनी हळूच विचारलं.

"चालतं म्हणाल्या डॉक्टरीणबाई."

त्या बाळाला घेऊन आल्या. वेन-चुनचे कान त्या अंड्यांसारखे लाल झाले होते. मान वर न करता तिनं दोन्ही हात पुढे केले.