चुडामणचे डोळे

"भाऊ, डोळे पुसा ना. किती पाणी येतंय!" शेजारच्या सीटवरून कामिनी मॅडम म्हणाल्या. त्या पिंपळनेरच्या शाळेत शिकवायच्या आणि रोज साक्रीहून चुडामणच्या काळी-पिवळी जीपनं जायच्या.

"थंडीनं शे, मॅडम. काही नही."

चुडामणनं बाहीनं डोळे पुसले. दाराची काच वर चढत नव्हती. जानेवारीचा वारा थेट डोळ्यांत घुसत होता. महिनाभर हेच चाललं होतं. सकाळी पापण्या उघडताना वाळू घासल्यासारखं व्हायचं. मेडिकलवाल्यानं दिलेल्या थेंबांनी लाली तासभर जायची, पुन्हा दुप्पट यायची. बायकोला, बेबाबाईला, त्यानं काहीच सांगितलं नव्हतं. त्याचे वडील बावन्नाव्या वर्षी आंधळे झाले होते. चुडामणला आता एक्कावन्न चालू होतं.

समोरचा रस्ता विरघळला. त्यानं डोळे मिचकावले, तर धूसर राखाडी पडद्यात काहीतरी काळं उभं दिसलं. त्यानं अंगातलं सगळं बळ ब्रेकवर टाकलं. गाडी थांबली तेव्हा बैलगाडीतल्या उसाचे शेंडे काचेपासून वीतभर अंतरावर हलत होते.

मागे कुणीतरी किंचाळलं.  बैलगाडी तशीच पुढे निघून गेली. गाडीवानाला काही कळलंही नव्हतं.

चुडामणनं गाडी रस्त्याच्या कडेला घेतली.

"काय रे, झोप लागनी का?" मागून रोजचा प्रवासी छगन ओरडला.

हो म्हटलं असतं तरी भागलं असतं. झोप कुणालाही लागते. चुडामणनं चावी काढली, डोळ्यांकडे बोट केलं.

"नही. माले बराबर दखास नही. आते मी गाडी चालावत नही."

"दखास नही? आनि इतला दिन आम्हले बसाडीसन फिरस?"

 चुडामणनं त्याच रस्त्यावर गाडी चालवणाऱ्या पितांबरला फोन केला. तो येईपर्यंत नऊ माणसं कुडकुडत रस्त्याच्या कडेला उभी राहिली.  जाताना मॅडमनी चुडामणला धुळ्यातल्या एका डोळ्यांच्या डॉक्टरीणबाईंचं नाव कागदावर लिहून दिलं.

दुपारी तो एसटीनं धुळ्याच्या दवाखान्यात पोहोचला. डॉक्टरीणबाईंनी खालच्या पापणीत कागदाची बारीक पट्टी अडकवली आणि पाच मिनिटांनी काढून पाहिली. ती जेमतेम भिजली होती.

"डोळे कोरडे पडलेत तुमचे."

"कोरडे? मॅडम, पाणी थांबत नाही माझं."

"कोरड्या डोळ्याला वारा टोचला की तो घळाघळा पाणी सोडतो. ते नुसतंच वाहून जातं. बुबुळावर टिकणारा ओलावा वेगळा असतो, त्यात तेलाचा अंश लागतो. थंड, कोरड्या हवेत तो लवकर उडतो. त्यात तुम्ही रस्त्यावर नजर लावून पापणीही हलवत नाही."

"वडील आंधळे झाले होते," तो कसाबसा म्हणाला. "मी पण..."

त्यांनी डोळ्यांतला दाब मोजला, बाहुल्या मोठ्या करून आतला पडदा तपासला. सगळं ठीक होतं. तरी वर्षातून एकदा दाखवायचंच, असं त्यांनी बजावलं. मेडिकलचे थेंब बंद. ओलावा देणारे नवे थेंब दिवसातून चारदा. कोमट पाण्यात पिळलेला स्वच्छ फडका मिटल्या पापण्यांवर दहा मिनिटं. शेकोटीच्या धुरात बसायचं नाही. वाऱ्यात बाजूनं बंद असलेला साधा चष्मा लावायचा.

"आणि नजर साफ झाल्याचं मी सांगेपर्यंत गाडी नाही."

घरी त्यानं बेबाबाईला सगळं सांगितलं. तिनं चुलीवर पाणी ठेवलं.

पंधरा दिवसांनी डॉक्टरीणबाईंनी परवानगी दिली. चुडामणनं दाराची काच दुरुस्त करून घेतली, चष्मा लावला आणि सकाळी सात वाजता गाडी थांब्यावर आणली.

छगन समोरून आला आणि चुडामणकडे पाहून पितांबरच्या गाडीत जाऊन बसला. त्याच्यामागून नेहमीचे बाकीचेही गेले. कामिनी मॅडम क्षणभर थबकल्या. मग मान खाली घालून त्याही तिकडेच गेल्या. पितांबरची गाडी भरून निघून गेली.

चुडामणच्या गाडीत एक अनोळखी म्हातारी आणि तिची सून, दोघीच होत्या. काळी-पिवळी भरल्याशिवाय निघत नाही.

"केव्हय निघस रे भाऊ?" म्हातारीनं विचारलं.

"निघूत, अक्का," तो म्हणाला आणि सात रिकाम्या जागा घेऊन त्यानं गाडी रस्त्यावर काढली.