अंतोनीचा मुलगा

नीता कर्णिकला संशय घेण्याचाच पगार मिळत होता. एखाद्या कंपनीला कोणा मोठ्या माणसाशी करार करायचा असला, की त्याची फाइल अलेक्झांड्रा रोडवरच्या तिच्या ऑफिसात यायची आणि त्या माणसाचा आगापिछा खणून काढायचं काम तिच्याकडे असायचं. खरं सांगायचं तर पगार नसता तरी तिने ते केलंच असतं. मार्केटमधला मासेवाला 'आजचाच आहे' म्हणाला, की ती आधी माशाचे कल्ले उघडून बघायची आणि मग मासेवाल्याच्या तोंडाकडे.

आतापर्यंत तिच्याकडे मुंबई-अहमदाबादच्याच फाइली होत्या. २०१७ च्या मार्चमध्ये पहिल्यांदाच पोलंडची आली. लेशेक अंतोनी पावलुक, बंदरांचं खातं सांभाळणारा उपमंत्री. हार्बरफ्रंटच्या एका कंपनीला त्याच्या खात्याबरोबर करार करायचा होता.

त्याच आठवड्यात तिच्या बॉसने, मिस लिमने, विभागातली दोन माणसं कमी होणार असल्याचं सांगितलं. नीताचा एम्प्लॉयमेंट पास, म्हणजे या परक्या देशात नोकरी करायचा परवाना, मे महिन्यात संपत होता. नवऱ्याची, प्रबोधची, नोकरी जानेवारीतच सुटलेली. आता तिचा पास गेला की क्वीन्सटाउनचा फ्लॅट, जाईची शाळा, सगळा गाशा गुंडाळून मायदेशी परत जायचं. त्यामुळे या फाइलमध्ये काहीतरी सापडायलाच हवं होतं.

आणि सापडत काहीच नव्हतं. समुद्रकाठच्या लहानशा गावातला हा भूगोलाचा मास्तर. २००२ साली नगरसेवक झाला, २००६ पासून दोनदा नगराध्यक्ष, २०१५ ला खासदार आणि वर्षभरात उपमंत्री. गावच्या वर्तमानपत्राचे जुने अंक नीताने कॉम्प्युटरकडून भाषांतर करून घेऊन वाचले. शाळेचं छप्पर, वाचनालय, मासेमारांसाठी शीतगृह. ना पक्षबदल, ना भानगड. जितकं स्वच्छ दिसत होतं तितकं तिला जास्त खटकत होतं.

"इतका सरळ माणूस नगराध्यक्ष होतो कसा?" ती प्रबोधला म्हणाली.

"होत असतील गं तिकडे."

"तिकडे काय आणि इकडे काय! मी मिरजेची आहे. नगरसेवक मला शिकवू नकोस."

तिसऱ्या दिवशी तिला तो कागद दिसला. २००८ साली गावच्या बोटींचा धक्का दुरुस्त करण्याचं कंत्राट. कंत्राटदार, अंतोनी पावलुक. नीता खुर्चीतून उठलीच. लेशेक अंतोनी पावलुक! आपल्याकडे निदान मेव्हण्याला पुढे करतात, या पठ्ठ्याने थेट बापालाच काम दिलं होतं.

एक मुलाखत मात्र आडवी येत होती. पावलुकने त्यात सांगितलं होतं, की तो नऊ वर्षांचा असताना त्याचे वडील युझेफ बोटीसकट बुडाले. दुसरी कोणी असती तर इथे थबकली असती. नीताचं डोकं फिरलं. धडधाकट बापाला, तेही दुसऱ्याच नावाने, बुडवून हा माणूस मतं मागत होता! तिने अहवालात लिहिलं, "वडिलांना कंत्राट दिले. ते लपवण्यासाठी त्यांच्या मृत्यूची खोटी कथा पसरवली."

करार बारगळला. मिस लिमने सगळ्यांसमोर नीताचं कौतुक केलं, पास वाढला, आणि पूर्व युरोपच्या सगळ्या फाइली तिच्याकडे आल्या. अहवाल कसा कोण जाणे पोलंडला पोचला आणि मे महिन्यात पावलुकने राजीनामा दिला. त्या दिवशी प्रबोधने लिटल इंडियातून पेढे आणले. नीताने दोन खाल्ले.

जुलैत जाईच्या वर्गाची सहल निघाली. मुलांची पूर्ण नावं टाइप करायचं काम नीताने घेतलं होतं. यादीत वर्गातली पोलिश मुलगी आली, झोफिया मारिया.

"जाई, हिच्या बाबांचं नाव चुकलंय बघ."

जाई हसत सुटली, इथल्या पोरांसारखं वाक्याला 'लाह' जोडत. "आई, मारिया गर्लचं नाव आहे! झोफियाचे डॅडी टोमेक अंकल. मारिया तिचंच सेकंड नेम आहे, लाह!"

नीताने यादी तशीच सोडली. नावानंतर बापाचं नाव, हे तिच्या इतकं अंगवळणी पडलेलं, की जगात कुठे तसं नसेल हे तिच्या डोक्यातही आलं नव्हतं. तिने पावलुकची बातमी पुन्हा उघडली. या वेळी राजीनाम्याच्या खालचा मजकूरही वाचला. गावात पावलुक आडनावाची चाळीस घरं होती; कंत्राटदार अंतोनी त्यातलाच कोणी. आणि फोटोत एक ऐंशी वर्षांची बाई दारात उभी राहून पत्रकारांना एक कागद दाखवत होती. युझेफच्या, तिच्या नवऱ्याच्या, मृत्यूचा दाखला.

नीताला लाज वाटली. त्या म्हातारीला तो कागद तिने बाहेर काढायला लावला होता.

"आता हात दाखवून अवलक्षण कशाला?" प्रबोध म्हणाला. "राजीनामा परत येणार आहे का? पास जाईल, नीता."

"जाईल," ती म्हणाली, आणि दुसऱ्या दिवशी तिने मिस लिमच्या टेबलावर चुकीची कबुली ठेवली.

मिस लिमने ती दोनदा वाचली. मग कपाटातून नीताची स्वतःची फाइल काढून दोन कागद शेजारी मांडले. पदवीचं प्रमाणपत्र, नीता प्रकाश आठल्ये. पासपोर्ट, नीता प्रबोध कर्णिक.

"तुला घेतलं तेव्हा मी विचारलं होतं, या दोघी एकच कशा? तू म्हणालीस, आमच्याकडे मधलं नाव आधी वडिलांचं, मग नवऱ्याचं. मी मान डोलावली. पुन्हा तपासलं नाही."

नीताला वर बघवेना.

"मार्चपासून तुझ्या हातून अकरा फाइली गेल्या," मिस लिम म्हणाली. आवाज चढलेला नव्हता. "त्यातल्या किती जणांना तू असे बाप दिलेस?"

नीताने एकेक चेहरा आठवून पाहिला. प्रत्येक अहवाल तिने किती खात्रीने लिहिला होता!

"सगळ्यांना," ती म्हणाली.