लाडाने बुडालेलं झाड

मी शिवणकामाच्या दुकानातलं रबराचं झाड बोलतोय. आवाज जरा बारीक येईल. नुकताच आजारातून उठलोय.

माझा जन्म रोपवाटिकेतला. माळ्याने एका मोठ्या झाडाची फांदी कापून मातीत खोचली, तो मी. दोघी जावांनी मिळून दुकान थाटलं, तेव्हा धाकटी मला कडेवर घेतल्यासारखी घेऊन आली. थोरलीने माझी कुंडी एका चकचकीत भांड्यात बसवली. "गिऱ्हाइकाला बरं दिसतं," म्हणाली. भांड्याला खाली भोक नव्हतं, हे कुणाच्या मनातही आलं नाही.

थोरली बेतायची, धाकटी शिवायची. दिवसभर मशीनची घरघर आणि दोघींच्या गप्पा. हात रिकामे झाले की ओल्या फडक्याने माझी पानं पुसायच्या. मला पाणी घालायचं काम धाकटीचं.

मग एका गिऱ्हाइकाचा कोट काखेत आवळला. थोरली म्हणाली, शिवण जास्त घेतलीस. धाकटी म्हणाली, कापडच कमी बेतलंत. शब्दाने शब्द वाढला आणि दोघींनी अबोला धरला. पण दुकान एक, काम एक. बोलल्यावाचून भागणार कसं? मग त्या माझ्याकडे बघून बोलू लागल्या.

"सांग रे त्यांना, काळा दोरा संपलाय."

"म्हणावं, खालच्या खणात आहे. डोळे उघडून बघ."

मी फुकटचा निरोप्या झालो.

त्यातच माझं खालचं एक पान पिवळं पडलं. म्हातारं झालं होतं, गळायचंच होतं. थोरलीला वाटलं, धाकटीने रुसव्यात माझं पाणी तोडलं. ती सकाळी लवकर येऊन गुपचूप तांब्या ओतू लागली. धाकटी संध्याकाळी घालतच होती. दुसरं पान पिवळं झालं तशी तिनेही धार वाढवली. पिवळा पडलो म्हणून पाणी, आणि पाण्याने पिवळा पडलो म्हणून आणखी पाणी! भांड्यात तळं साचलं. माझी मुळं गुदमरली. पानं माना टाकू लागली, मातीवर चिलटं घोंघावू लागली. मला ओरडता येत नाही, मी पानं गाळत राहिलो.

एके दुपारी धाकटीने वास घेतला आणि मातीत बोट खुपसलं. बोट चिखलाने माखून वर आलं. ती थोरलीकडे वळली, माझ्याकडे नाही.

"ताई, हा तहानलेला नाही. बुडालाय."

"मी सकाळी एकच तांब्या घालते गं."

"सकाळी? मी तर रोज संध्याकाळी घालते."

थोरलीने माझी कुंडी उचलली, तर खाली भांड्यात पाणी डुचमळत होतं. मग थोरलीला हसू फुटलं, आणि हसता हसता तिने पदराने डोळे पुसले.

त्यांनी मला कागदावर उपडा केला, मुळं धुतली. काही पांढरी, टणक होती. बाकीची तपकिरी, हाताला लिबलिबीत. ओढली की साल निघून यायची. धाकटी साधी कात्री शोधू लागली. थोरलीने आपली कापडाची कात्री पुढे केली. त्या कात्रीने ती कागदसुद्धा कापू देत नसे.

"ताई, धार जाईल."

"जाऊ दे. धार पुन्हा लावता येते. काप."

कुजलेलं सगळं गेलं. उरलेली मुळं वाऱ्यावर सुकली. मग भोकाची लहान कुंडी आणि वाळू घातलेली कोरडी माती. कितीतरी दिवस मला पाण्याचा थेंब मिळाला नाही. जीव कासावीस झाला, पण वाचलो.

आज माझ्या अंगावर चारच पानं आहेत. शेंड्याला मात्र नव्या पानाचं लालसर टोक आलंय. सकाळी धाकटी म्हणाली, "ताई, बघितलंत?" थोरली म्हणाली, "बघितलं. आनंदाच्या भरात तांब्या उचलू नकोस."

तुमच्या घरात माझं कुणी भावंड पिवळं पडलं असेल, तर एवढं करा. आधी मातीत बोट घालून बघा. ओली लागली तर थांबा. आणि कोरडी लागली तरी, घरातल्या माणसाला एकदा तोंडाने विचारा.