ईश्वरीच्या दाढा

वनमाला हसताना तोंडावर पदर धरायची. लग्नाला बरीच वर्षं झाली तरी तेलगावात तिचे दात नीट पाहिलेली बाई विरळाच. तिचं माहेर डोंगरपट्ट्यातलं. तिथं सगळं गाव एकाच बोअरचं पाणी प्यायचं आणि तिच्या वयाच्या पोरापोरींचे पक्के दात आले ते तपकिरी पट्टे घेऊनच. बघायच्या कार्यक्रमात सासूनं, छबुबाईनं, सगळ्यांदेखत विचारलं होतं, "पोरगी मिश्री लावती का?" लग्न जमलं, पण तो प्रश्न वनमालाच्या मनातून काही गेला नाही.

पुढे कधीतरी मोबाइलवर तिला कळलं, की पाण्यात फ्लोराइड जास्त असलं की दात असे होतात. मग तिनं ठरवूनच टाकलं. लेकीला, ईश्वरीला, दात यायला लागले तशी ती बिनफ्लोराइडची पेस्ट शोधून आणायला लागली. प्यायला जारचं पाणी. नवरा आदिनाथ म्हणायचा, "तू म्हणशील तसं." पोरीचे दात पांढरेशुभ्र आले आणि वनमाला ते येणाऱ्या-जाणाऱ्याला कौतुकानं दाखवायची.

ईश्वरी चार वर्षांची झाली आणि एकाच बाजूनं चावायला लागली. मग गाल सुजला. छबुबाईनं लवंग ठेवून पाहिली, पण पोर तोंडाला हात लावू देईना. शेवटी आदिनाथनं मायलेकींना मोटारसायकलवर बसवून माजलगावला दातांच्या डॉक्टरकडं नेलं.

डॉक्टर शाईस्ता तरुण होती, तिथल्याच एका फळवाल्याची मुलगी. तिनं ईश्वरीला आईच्या मांडीवरच बसू दिलं आणि बॅटरी लावून पाहिलं.

"मागच्या दाढा किडल्यात. एकीखाली पू झालाय, ती काढावी लागेल. बाकीच्या भरता येतील. झोपताना काय देता?"

"बाटलीनं दूध. साखर घालून. त्याबिगर झोपत न्हाई."

"आणि दात घासायला?"

"बिनफ्लोराइडची पेस्ट," वनमाला ठासून म्हणाली.

"ती कावून?"

वनमालानं पदर बाजूला केला आणि ओठ उघडले. "याच्यामुळं."

डॉक्टरनं ईश्वरीला आदिनाथकडं दिलं, वनमालालाच खुर्चीत बसवलं आणि आरसा घेऊन एकेक दात पाहिला.

"डाग आहेत ताई. पण कीड एकाही दाताला नाही."

वनमालानं हे कधी कुणाकडून ऐकलं नव्हतं.

"लहानपणी तुमच्या पोटात रोज लई फ्लोराइड गेलं," डॉक्टर सांगू लागली. "पक्के दात हिरडीच्या आत तयार होतात, त्या वयात हे डाग पडतात. वाटाण्याएवढी पेस्ट लावली आणि थुंकून टाकली, तर असं होत नाही. उलट तेवढ्या फ्लोराइडनं दात मजबूत राहतो. हिला तेही मिळालं नाही आणि वरून रोज गोड दूध तोंडात घेऊन झोपली."

"म्हंजी मीच केलं."

"तुम्ही घाबरला होता. माहिती अर्धीच मिळाली."

दाढ त्याच दिवशी काढली. उरलेल्या दातांवर फ्लोराइडचा लेप लावू का, असं डॉक्टरनं विचारलं तेव्हा मात्र वनमाला "आज नको" म्हणाली. मन धजेना.

"चालेल. आधी घरचं पाणी तपासून आणा," डॉक्टर म्हणाली. "पाण्यातच जास्त असेल तर तसा विचार करू."

घरी आल्यावर खरी लढाई बाटलीची झाली. ईश्वरी आकांत करायची आणि सासरे सुंदरराव काकुळतीला येऊन म्हणायचे, "दी की गं, लेकरू हाय." वनमालानं बाटलीत आधी साखर कमी केली, मग नुसतं दूध दिलं, मग पाणी. पाण्यावर ईश्वरी रुसली आणि एके दिवशी तिनंच बाटली ढकलून दिली.

पाण्याचा अहवाल आला. जारच्या पाण्यात फ्लोराइड जवळपास नव्हतंच. तो घेऊन वनमाला पुन्हा माजलगावला गेली, दाढा भरून घेतल्या आणि लेप लावायला स्वतःच सांगितलं. लेप लावताना तिनं पोरीचा हात घट्ट धरला होता. पोर निवांत होती.

नवी पेस्ट ईश्वरीला गोड लागली. एकदा ती नळीच चोखत बसलेली सापडली, तेव्हापासून नळी कपाटावर गेली. सकाळी आणि झोपण्याआधी वनमाला स्वतः ब्रशवर वाटाण्याएवढी पेस्ट काढायची, स्वतः घासायची आणि "थुंक" म्हणायची. सुरुवातीला ईश्वरी गिळायची. मग छबुबाई तिच्याशेजारी मोरीत उभी राहून चूळ लांब टाकून दाखवू लागली आणि दोघींची पैज लागायला लागली.

उन्हाळ्यात तपासणी झाली. नवी कीड नव्हती. काढलेल्या दाढेची जागा रिकामीच होती आणि पक्की दाढ यायला अजून बरीच वर्षं होती. तोवर शेजारचे दात त्या जागेत सरकू नयेत म्हणून डॉक्टरनं तिथं एक बारीक तार बसवून दिली. घरी जाताना ईश्वरी मोटारसायकलवर पुढं बसून जिभेनं सारखी ती तार चाचपत होती.