भिजत घातलेला झेंडा

मित्रांनो, माझ्याकडे पाहून हल्ली कुणी थांबत नाही. लॉन्ड्रीच्या काउंटरवर जुन्या वर्तमानपत्रांचा गठ्ठा असतो, तो वाऱ्याने उडू नये म्हणून त्यावर मला ठेवलेलं आहे. मी एक जुनी इस्त्री आहे. माझी मूठ एका बाजूने तडकली आहे आणि तिला सुती पट्टी गुंडाळली आहे. तळाची चकाकी तर कधीच गेली. माझं बोलणं ऐकण्याजोगं आहे की नाही, याची मला स्वतःलाच खात्री नाही. पण एक प्रसंग मी फार जवळून पाहिला आहे. इतक्या जवळून की त्या वेळी माझाच तळ गरम होता. तेवढा सांगते.

माझा जन्म एका मोठ्या कारखान्यात झाला. तपासणाऱ्याने मला उचलून पाहिलं आणि तो म्हणाला, "ही जरा जडच झाली." माझ्याविषयी बोललं गेलेलं ते पहिलं वाक्य. मी फार खट्टू झाले होते. पण पुढे ज्यांनी मला विकत घेतलं, ते आमच्या मालकांचे वडील म्हणाले, "जड आहे तेच बरं. हाताला जोर कमी लावावा लागेल." तेव्हापासून मी या दुकानात आहे.

मालकांचे वडील दूरच्या एका देशातून इथे आले होते. घरात त्यांची बोली वेगळी, नाव-आडनाव वेगळं, चेहऱ्याची ठेवणही वेगळी. गल्लीत त्यांच्यासारखं दुसरं घर नव्हतं. मालक मात्र इथेच जन्मले, याच फरशीवर रांगले. तरी नवं गिऱ्हाईक आलं की विचारायचंच, "तुम्ही मूळचे कुठले?" मालक हसून सांगत, "या टेबलामागचा." गिऱ्हाईकही हसे. पण ते गेल्यावर मालक मला पुढच्या शर्टावरून जरा जास्तच दाबून फिरवत. हे फक्त मलाच कळे.

माझे कामाचे दिवस सुखाचे गेले. नवरदेवांचे कोट, कचेरीतल्या साहेबांचे शर्ट, शाळेचे गणवेश, सगळं माझ्याखालून गेलं. तापमानाची माझी चकती दहा वर्षांपूर्वीच बंद पडली. तेव्हापासून मालक मला गालाजवळ धरून अंदाज घेत. कधी चुकले नाहीत. समोर चष्म्याचं दुकान चालवणाऱ्या काकू म्हणत, "अहो, एक दिवस दाढी भाजेल!" मालक म्हणत, "मग दाढीला इस्त्री झाली म्हणेन."

वर्षातून एकदा, राष्ट्रीय सणाच्या सकाळी, मालक पेटीतून आपला छोटा सुती झेंडा काढत. त्या दिवशी मी पहिली त्याच्यावर फिरे. टेबलावर स्वच्छ चादर अंथरली जाई, पाणी शिंपडलं जाई आणि घडीची एकही रेघ उरणार नाही असा तो झेंडा दुकानाच्या काचेत लागे. वडिलांनी इथे आल्या वर्षीच विकत घेतलेला, याच देशाचा झेंडा तो. मालक त्याच्याकडे कौतुकाने पाहत उभे राहत आणि मग एकदम भानावर येऊन म्हणत, "चला, पँटी राहिल्यात."

त्यांच्या लेकीचं तसं नव्हतं. ती दवाखान्यात नर्स आहे. सुट्टीच्या दिवशी टेबलाशी उभी राहून बापाला मदत करायची. एकदा कॉलर करता करता तिनेच सांगितलेलं आठवतं. शाळेत बाईंनी सगळ्यांना देशाच्या झेंड्याचं चित्र काढायला सांगितलं. हिने काढलं. बाई प्रेमाने म्हणाल्या, "छान आहे गं. पण तुमचा खरा झेंडा काढ ना." ही म्हणाली, "हाच आहे." बाईंनी तिच्या डोक्यावरून हात फिरवला. लेक म्हणाली, "बाबा, त्या रागावल्या असत्या तर बरं झालं असतं."

एका सोमवारी दुकान उघडलं आणि पाहिलं, तर गल्लीतल्या प्रत्येक खांबावर देशाचा मोठा झेंडा. रविवारी दुकान बंद असताना कुणीतरी लावले होते. आमच्या खांबावरचा बरोबर खिडकीसमोर होता. मी टेबलावर उभी असले की मला दुसरं काही दिसतच नसे.

मालक खूश झाले. "काय सुंदर दिसतंय बघ!"

लेक डबा भरत होती. ती म्हणाली, "सुंदर आहे. पण कुणासाठी लावलाय?"

"कुणासाठी म्हणजे? सगळ्यांसाठी."

"बाबा, मागच्या महिन्यात पलीकडच्या गल्लीत 'बाहेरच्यांनी परत जा' असं भिंतीवर लिहिलं होतं ना? त्याच भिंतीसमोर पहिला झेंडा लागला. तो आपल्यासाठी लावलेला नाही. आपल्याला दाखवायला लावलाय."

"गप गं. झेंड्याचा काय दोष त्यात?"

"झेंड्याचा नाहीच. मी कुठे म्हणतेय?"

मला दोघांचंही पटत होतं. इस्त्रीला मत विचारत नाहीत हे एका परीने बरंच आहे. पण त्या दिवसापासून मालक दुकानात शिरताना वर पाहू लागले, आणि पाहिल्यावर पूर्वीसारखे हसेनात. पुढच्या महिन्यात राष्ट्रीय सण येणार होता. त्यांनी एकदा हळूच विचारलं, "आपला लावायचा ना काचेत यंदा?" लेक म्हणाली, "लावला तर म्हणतील घाबरला. नाही लावला तर म्हणतील, बघा! तुम्हाला हवं ते करा, बाबा." मालकांनी पेटी उघडली आणि तशीच बंद केली. वर्षानुवर्षं प्रेमाने केलेली गोष्ट आता कुणाला तरी दाखवण्यासाठी होणार, हे त्यांना सोसत नव्हतं.

तीन आठवडे गेले. खांबावरच्या झेंड्याकडे लावणाऱ्यांपैकी कुणी फिरकलं नाही. बसचा धूर, धूळ, पाखरांची घाण, सगळं त्याच्यावर. एक कोपरा तारेला घासून फाटला आणि लोंबू लागला. आता मित्रांनो, ज्याचा जन्म मळके कपडे धुण्यात गेला, त्याच्या दारासमोर तीन आठवडे मळकं कापड लटकत राहिलं तर त्याचं काय होत असेल? आणि एका बुधवारी दुपारी त्यांनी वरच्या फळीसाठी वापरायची शिडी बाहेर नेली, खांबाला लावली आणि झेंडा उतरवला.

कुणाला विचारायचं त्यांच्या मनातही आलं नाही. डाग दिसला, काढायला घेतला. साठ वर्षांत दुसरं काही केलेलंच नव्हतं त्यांनी. आत येऊन आधी फाटका कोपरा शिवला, कारण फाटकं तसंच धुतलं तर फाट वाढते. मग बादलीत साबणाचं पाणी केलं आणि झेंडा भिजत घातला.

रस्त्यावरून जाणाऱ्या कुणीतरी शिडीवरच्या मालकांचा फोटो काढून सगळीकडे पाठवला होता. पाव तासात तीन जण दारात उभे राहिले. पुढे लंबू होता. गल्लीच्या टोकाला राहणारा हा उंच मुलगा आता बावीस-तेवीस वर्षांचा आहे, त्याचे शाळेचे गणवेश मीच केले होते. त्याच्यामागे एक टोपीवाला आणि आणखी एक, दोघांनाही मी ओळखत नव्हते.

"काका, झेंडा कुठाय?" लंबूने विचारलं.

"भिजतोय," मालक म्हणाले.

"काय?"

"भिजत घातलाय रे. फार मळला होता. धुराचे डाग आहेत, ते लगेच सुटत नाहीत."

टोपीवाला बादलीशी गेला. "झेंडा बादलीत! बघितलंत? बादलीत घातलाय यांनी!"

"मग कशात घालायचा?" मालकांनी खरोखरच विचारलं.

"तुम्हाला उतरवायचा अधिकार कुणी दिला?"

आता मालकांच्या लक्षात आलं. दारात आणखी माणसं जमू लागली. समोरून चष्मेवाल्या काकू ओल्या हातांनीच आल्या. "काय गर्दी केलीये रे? तीन आठवडे तो मळका झेंडा तुम्हाला दिसला नाही, आणि काढला तर लगेच दिसला? या माझ्याकडे, नंबर काढून देते सगळ्यांचे."

दोघं-तिघं हसले. टोपीवाला हसला नाही. "आत्ताच्या आत्ता परत लावा."

मालकांनी झेंडा बादलीतून काढला, स्वच्छ पाण्यातून दोनदा काढला, पिळला. कापड पातळ होतं. पंख्याखाली धरताच पाणी निथळलं, पण ओल राहिली. एवढ्यात मागच्या दारातून लेक आली. दवाखान्यातून नुकतीच आलेली, अंगावर अजून गणवेश. तिने सगळं ऐकलं होतं. ती आपल्या बोलीत बापाला म्हणाली, "बाबा, देऊन टाका तसाच. जाऊ देत त्यांना."

"ओला?" मालक म्हणाले. "ओलं कापड आपण दुकानाबाहेर देत नाही."

आणि त्यांनी मला उचललं.

मित्रांनो, इतकी वर्षं त्यांच्या हातात काढली, पण त्या दिवशीसारखी मी कधी घाबरले नाही. तो झेंडा सुती नव्हता. स्वस्त, चकचकीत कापडाचा होता. अशा कापडाला मी जरा जास्त गरम लागले की ते आक्रसतं आणि वितळून भोक पडतं. माझी चकती बंद. मालकांनी मला गालाजवळ धरलं, पण त्यांचा हात इतका थरथरत होता की मला त्यांचा गाल एकदा जवळ आणि एकदा लांब दिसत होता. शर्टाला भोक पडलं तर ती चूक असते. त्या दिवशी त्या कापडाला भोक पडलं असतं, तर त्याला चूक म्हणायला कुणी तयार झालं नसतं. समोर तीन मोबाइल रोखलेले होते.

"बाबा, सरका," लेक म्हणाली.

तिने त्यांच्या हातातून मला घेतलं. सुया टोचणारा हात तो, थरथरणं त्याला माहीत नाही. तिने सुती रुमाल पाण्यात बुडवून पिळला, झेंड्यावर पसरला आणि मग मला हलकेच टेकवलं. वाफ निघाली. मी माझा सगळा जडपणा जणू वर खेचून धरला होता. ती कोपऱ्यांपासून मध्यापर्यंत आली, एका दमात, कुठेही न थांबता. जो झेंडा आपल्याला दाखवायला लावलाय असं तिला वाटत होतं, त्याची एकेक सुरकुती ती काढत होती. बापाची लाज राखायला काढत होती की आणखी कशासाठी, ते मला सांगता येणार नाही.

तिने रुमाल उचलला. कापड कुठेही आक्रसलं नव्हतं. रंग असे निघाले होते की काकू म्हणाल्या, "अगंबाई, हा एवढा चांगला होता?"

लंबूने झेंडा हातात घेतला. त्याचा अंगठा शिवलेल्या कोपऱ्यावर गेला. "हे कुणी शिवलं?"

"मीच," मालक म्हणाले. "दोरा तितकासा जुळला नाही. पण खालून दिसणार नाही."

लंबू म्हणाला, "काका, आम्हाला वाटलं..."

"काय वाटलं?" लेकीने विचारलं. आवाज चढलेला नव्हता. "सांग ना. इथे सगळे घरचेच आहेत."

लंबू झेंड्याची घडी घालू लागला.

"मी सांगू मला काय वाटलं ते?" ती म्हणाली. "सोमवारी सकाळी दार उघडलं आणि समोर हा. मला भीती वाटली. माझ्याच देशाच्या झेंड्याची मला भीती वाटली, याची लाज वाटली, आणि मग तुमचा राग आला. लहानपणापासून ओळखतोस मला. लावायच्या आधी एक हाक मारली असतीस, तर शिडी मी धरली असती."

टोपीवाला मोबाइल खिशात टाकून निघून गेला. त्याला पटलं नसावं. सगळ्यांना सगळं पटतं, असं मी तरी पाहिलेलं नाही. त्याच्यामागे दुसराही गेला.

लंबू मात्र उभाच राहिला. मग झेंड्याची घडी हातावर नीट घेऊन म्हणाला, "ताई, आता धरता का?"

ती लगेच हलली नाही. मालक उठू लागले, तर काकूंनी त्यांना खांद्याला धरून बसवलं. "तुम्ही बसा हो. तिला विचारलंय त्याने."

मग लेक बाहेर गेली. तिने शिडी दोन्ही हातांनी धरली. लंबू वर चढला, जुन्याच खिळ्याशी झेंडा नेला आणि खाली बघून म्हणाला, "इथेच लावू?"

ती मान वर करून पाहत राहिली. चेहऱ्यावर हसू नव्हतं, पण कपाळाची आठी गेली होती. ती म्हणाली, "तिथे नको. तारेला घासतो, म्हणून फाटला तो. वीतभर खाली घे. आणि पावसाळ्याआधी उतरवून आण, तेव्हाही धरीन."

मालकांनी डोळे पुसले आणि मला टेबलावर उभं केलं. पुढच्या वर्षी वाफेची नवी इस्त्री आली आणि मी या गठ्ठ्यावर आले. त्याची तक्रार नाही.

मित्रांनो, मी एक लोखंडाचा तुकडा, देशाबद्दल मोठं काही बोलण्याची माझी योग्यता नाही. पण कापडाबद्दल बोलू शकते. झेंडा लावणं एका दिवसाचं काम आहे, सांभाळणं रोजचं. ज्याच्या दारासमोर लावाल, त्याला आधी हाक मारा. आणि कुणी तो उतरवताना दिसला, तर ओरडण्याआधी त्याच्या हाताकडे एकदा नीट बघा. त्या हातात साबण असू शकतो.