मैनेचा अर्धा दाणा

मालगुजारी गेली तरी माझ्या भावाने, उमरावदादाने, दोन गोष्टी सोडल्या नाहीत. डोक्यावरचा फेटा आणि दारातली घोडी. कचेरीला कुलूप लागलं, वसुली सरकारने नेली, पण मैना तबेल्यात होती तशीच राहिली. तिच्यावर बसून आता जायचं कुठे, तर दीड कोसावरच्या सौंदडच्या स्टेशनावर. आणायचं कुणाला नाही, पोचवायचं कुणाला नाही. संध्याकाळची गाडी येताना बघायची आणि परत यायचं. वाटेत लोक पूर्वी वाकत, आता नुसते बाजूला होत. दादाला तेवढंही पुरे.

मी त्याची धाकटी बहीण. नवरा गेल्यापासून याच घरात, कोठीच्या किल्ल्या कमरेला. किल्ल्या होत्या म्हणून मला बाई म्हणत, नाहीतर कोण विचारतं?

धानाची रोवणी लागली आणि चिखलाने रपेट बंद पडली. "मैनेले पोळ्यापर्यंत सुट्टी," दादाने जाहीर केलं, जणू घोडीने अर्ज केला होता.

त्याच दिवशी मोतद्दार मंगरू कोठीच्या दाराशी आला. वीस वर्षं त्याने आमची घोडी सांभाळली, पण उंबऱ्याच्या आत कधी पाय टाकला नाही.

"बाई, उद्यापासून चना अर्धा द्या. गवत मी भरपूर टाकीन."

"काऊन रे?"

"काम बंद तं दाना कमी. बसल्या घोडीले पुरा दाना चारला अन् मंग एकदम दौडवली, तं मागचे पाय आखडतेत. मूत काढ्यावानी कारा होते. मंग घोडी वाचत नाई."

दादाने ते ओसरीवरून ऐकलं आणि पेटलाच. "मालगुजारी गेली, आता घोडीच्या तोंडचा घासही काढून राहिलास का?"

मंगरू मान खाली घालून, पण ठामपणे म्हणाला, "मंग मोतद्दार दुसरा पाहा, मालक."

दुसरा मिळणार कुठला? कोण येणार होतं आमच्याकडे? दादा चरफडला. "कर तुह्या मनानं. पन घोडीले काही झालं तं या गावात राहाचं नाई."

मी रोज सकाळी मंगरूला अर्धा चणा मोजून देऊ लागले. इथपर्यंत माझं सगळं सरळ आहे.

दुपारी घर निजलं की मी तबेल्यात जाऊ लागले. मैना मला बघून फुरफुरायची. त्या घरात माझी वाट बघणारं दुसरं कोणी नव्हतं, हे सांगायला मला लाज वाटत नाही. पहिल्या दिवशी पदरात मूठभर चणा नेला. मग दोन मुठी. आठवड्यात उरलेला अर्धा सगळाच तिच्या पोटात जाऊ लागला. मंगरूचं बोलणं मी विसरले नव्हते. पण मालगुजाराच्या घरचं जनावर अर्ध्या दाण्यावर उभं आहे हे मलाही खुपत होतं. ताठा एकट्या दादाकडेच होता असं नाही. मैना तुकतुकीत दिसायला लागली. मंगरू पाठीवरून हात फिरवून म्हणायचा, "अर्ध्या दान्यावर पाहा बाई, कशी चमकून राहिली!" आणि मी हसायचे.

पोळ्याला दादाने घोडी काढायला सांगितली. बैल तोरणाखाली उभे राहायच्या आधी मालगुजाराने घोड्यावर यायचं, ही आमची रीत. "आज हातानं फिरवतो, मालक, चार दिसांनं बसा," मंगरू विनवत राहिला. दादाने ऐकलं नाही. गावाला दाखवायचं होतं ना! तलावाच्या पाळीवरून त्याने मैनेला भरधाव आणली. बैलांपुढे झडत्यांची कवनं म्हणणारे गप्प झाले, सगळ्यांनी वळून पाहिलं. दादाला हवं होतं ते मिळालं.

तोरणापाशी लगाम खेचला आणि मैना थांबली ती थांबलीच. मागचे पाय ताठ, अंगभर घाम. एक पाऊल पुढे टाकता येईना. दादा कसाबसा उतरला. मग ती मुतली, काढ्यासारखं काळं. मी बायकांच्या मागे उभी होते. मला कळलं. तिथल्या तिथे कळलं.

"उपाशी मारलास माह्या घोडीले!" दादा सगळ्या गावासमोर मंगरूवर ओरडला. "ताकदच नाई राहिली तिच्यात!"

"उपाशी नाई, मालक. मी रीतीनं अर्धा दाना देऊन राहिलो होतो. बाईले विचारा, बाईच मोजत होत्या."

सगळी तोंडं माझ्याकडे वळली. मंगरू माझ्याकडे अशा भरवशाने बघत होता की मला तो सहन होईना.

"हो," मी म्हटलं. "अर्धाच. मीच मोजून देत होते."

शब्द एकही खोटा नव्हता. दादाला तेवढंच हवं होतं. "ऐकलं का सगळ्यांनी? अर्धा!"

मैना तिसऱ्या दिवशी मेली. तोवर मंगरू तिच्याजवळून हलला नाही. गरम पाण्याने कंबर शेकत होता, कानात काहीतरी बोलत होता. मी एकदाही तबेल्याकडे गेले नाही. दादाने त्याला गाव सोडायला सांगितलं. देवरीकडे कुणी नातलग होते, तिकडे जायचं त्याने ठरवलं.

जाताना तो कोठीच्या दाराशी आला. बायको गाठोडं घेऊन अंगणात उभी होती.

"बाई, तुमी खरं बोलल्या. माह्यासाठी तुमाले मालकासमोर उभं राहा लागलं."

मी किल्ल्या चाचपत राहिले.

"कारा मूत दान्याचाच असते," तो म्हणाला. "अर्धाही तिले जास्त झाला असन. वीस वर्सं माह्या हातानं चारलं, अन् माहाच अंदाज चुकला. घोडी मीच मारली, बाई. आता कोनाच्या जनावराले हात नाई लावनार."

एवढं बोलून तो थांबला. मी काहीतरी म्हणावं म्हणून थांबला असेल.

"बरं," मी म्हटलं.